मुदत संपली, काम चालू

८ एप्रिल २०१४ रोजी मंगळवार होता. अमेरिकेतल्या रेडमंडहून मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज एक्सपीसाठी शेवटच्या सार्वजनिक सुरक्षा-दुरुस्त्या पाठवल्या आणि या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट संपल्याचे जाहीर केले. महिनाभर आधीपासूनच पडद्यावर एक चौकट उघडून तशी आठवण करून दिली जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जगभरातले एक्सपीचे संगणक नेहमीसारखे सुरू झाले. स्टार्टचे हिरवे बटण जागेवर होते, प्रिंटर चालत होता, कुणाची फाइल गेली नव्हती. नेट ॲप्लिकेशन्स या मोजदाद करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांनुसार तेव्हा चार डेस्कटॉप संगणकांमागे एकावर अजून एक्सपीच होती.

एखादी वस्तू जशीच्या तशी चालत असताना ती संपली म्हणून जाहीर होते, तेव्हा नेमके काय संपते? एक्सपीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फार तपशिलात मिळते. त्या मंगळवारनंतर ती ज्यांनी सोडली तेच तिला दुरुस्त करायला पुन्हा पुन्हा परत आले.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या घरात दोन वेगळी कुळे नांदत होती. एक होते घरगुती वापराचे: विंडोज ९५, ९८ आणि मिलेनियम. या तिघींच्या पोटात अजून जुनी डॉस होती. एक प्रोग्रॅम अडला की सगळा संगणक हँग व्हायचा, आणि निळा पडदा हा रोजच्या ओळखीचा झाला होता. दुसरे कुळ होते एनटीचे. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतून आलेल्या डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली ते शून्यापासून लिहिले गेले आणि त्याची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये निघाली. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला स्मृतीचा आपला वेगळा भाग मिळे, त्यामुळे एकाच्या पडण्याने दुसरा पडत नसे. हे कुळ भक्कम होते, पण कचेऱ्यांसाठी होते आणि यंत्राकडून फार मागत असे. एक्सपीत पहिल्यांदाच घरच्या ग्राहकाला एनटीचा गाभा मिळाला. रोज कोसळणाऱ्या मिलेनियमवरून जे थेट एक्सपीवर आले, त्यांना ही बदललेली हवा आठवत असेल. संगणक दिवसचे दिवस बंद न करताही चालू शकतो, हे त्यांच्या दृष्टीने नवलच होते.

यंत्राकडून तिची मागणीही फार नव्हती. २३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम असली की ती निदान सुरू तरी व्हायची. शिवाय ती नकलेनेही पसरली: मोठ्या कंपन्यांना दिलेली एक परवाना-किल्ली तर दुकानात डबा येण्याच्या आधीच फुटली. 'एफसीकेजीडब्ल्यू' या पाच अक्षरांनी सुरू होणारी ती किल्ली जगभरच्या नकली सीड्यांवर स्केचपेनने लिहिलेली असायची. पुढे मायक्रोसॉफ्टने ती बाद केली, पण तोवर एक्सपी सगळीकडे पोचली होती. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गात माउस पहिल्यांदा हातात धरलेल्या कितीतरी जणांची संगणकाशी ओळख याच निळ्या-हिरव्या पडद्यावर झाली.

एक्सपीच्या पडद्यावर पार्श्वभूमीला असलेल्या हिरव्या टेकडीचे छायाचित्र चार्ल्स ओरीयर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढले होते. हे रंग संगणकावर चढवलेले असावेत, असा बहुतेकांचा समज असतो. ते फिल्मवरचे आहेत. त्या उतारावर एरवी द्राक्षवेली असतात. फिलॉक्सेरा या किडीमुळे त्या काढून टाकल्या होत्या, म्हणून त्या हिवाळ्यात तिथे नुसते गवत होते. मायक्रोसॉफ्टने मूळ फिल्म विकत घेतली तेव्हा किंमत इतकी ठरली होती, की कुरिअर कंपन्या तिचा विमा उतरवायला तयार होईनात आणि ती द्यायला आपल्यालाच विमानाने सिएटलला जावे लागले, असे ओरीयर यांनी नंतर सांगितले.

मराठी वाचकाचा एक्सपीशी आणखी एक धागा आहे. विंडोजवर देवनागरी युनिकोड आली ती 'मंगल' या फाँटच्या रूपाने. त्याची अक्षरे घडवली होती मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. मात्र एक्सपी नव्याने टाकली की मराठी लगेच नीट दिसत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येई, जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडत. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जायचे, 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडायचे, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची आणि 'ओके' दाबायचे. मग यंत्र म्हणे, एक्सपीची सीडी घाला. ती सीडी ज्याने संगणक असेंबल करून दिला त्याच्याकडे असे, आणि तो फोन उचलत नसे. सीडीवरचा आय३८६ नावाचा फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवणारा माणूस त्या काळात गल्लीतला तज्ज्ञ समजला जाई. मराठी ब्लॉगांच्या पहिल्या पिढीचे वाचक अशा खटपटीतून तयार झाले आहेत.

एक्सपीचा पाया भक्कम असला तरी दारे उघडी होती. ती अशा काळात आखली गेली, जेव्हा घरचा संगणक दिवसातून थोडा वेळ मोडेमने इंटरनेटला जोडला जाई. वापरणाऱ्याला आपोआप यंत्रावरचे सगळे अधिकार मिळत, फायरवॉल होती पण बंद ठेवलेली असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा किडा आला तेव्हा याचा हिशेब झाला. वापरणाऱ्याने काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरज नव्हती. संगणक नुसता इंटरनेटला जोडलेला असला की पुरे. एक चौकट उघडे आणि साठ सेकंद उलटे मोजायला लागे. शून्य झाले की यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. दुरुस्ती महिनाभर आधीच, जुलैत, निघालेली होती. पण ती उतरवून घ्यायला बसावे तर मिनिटभरात संगणक बंद पडे. त्यावरचा तोडगा असा, की काळी खिडकी उघडून 'शटडाऊन', एक आडवी रेघ आणि 'ए' एवढे साठ सेकंदांच्या आत टाइप करायचे. मग उलटी मोजणी थांबे आणि दुरुस्तीला उसंत मिळे.

या धक्क्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कामाला बरेच हात लावले आणि ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ काढला. त्यात फायरवॉल मुळातच चालू होती. हा पॅक फुकट होता, पण त्यात झालेले काम नव्या आवृत्तीच्या तोडीचे होते. त्याच सुमारास सपोर्टची घडीही बसली. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्र निघू लागल्या. संगणक विभागातली माणसे त्याला 'पॅच ट्यूजडे' म्हणतात, आणि बुधवारी सकाळी काय मोडलेले असेल या चिंतेत झोपतात.

सपोर्ट म्हणजे या मंगळवारांची रांग. कोट्यवधी ओळींच्या प्रोग्रॅममध्ये चुका असतातच. त्या एकदा काढून संपत नाहीत. कुठला तरी संशोधक एक भोक शोधतो, कंपनीतली माणसे ते बुजवतात, बुजवताना दुसरे काही बिघडले नाही ना हे शेकडो प्रकारच्या यंत्रांवर तपासतात आणि पाठवतात. हे काम करणारे अभियंते पगारी असतात. दोन आवृत्त्या असल्या तर दोनदा तपासावे लागते, चार असल्या तर चारदा. जुनी आवृत्ती सोडण्याचे कारण इतके व्यावहारिक आहे, आणि त्यात नवी विकण्याचा स्वार्थ मिसळलेला आहे हेही उघड आहे. एक्सपीच्या बाबतीत मात्र स्वार्थालाही खीळ बसली. तिची वारस व्हिस्टा रखडत रखडत २००७ मध्ये आली आणि ती इतकी जड होती की लोक एक्सपीला चिकटून राहिले. त्यातच स्वस्त, छोटे नेटबुक निघाले. त्यांच्यावर व्हिस्टा पेलत नव्हती आणि मोकळी सोडली असती तर ती जागा लिनक्सने घेतली असती. म्हणून मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०१० पर्यंत, म्हणजे विंडोज ७ आल्यावरही, नेटबुकवर एक्सपी विकत राहिली. स्वतःच्या हाताने वाढवलेले हे आयुष्य पुढे त्यांनाच निस्तरावे लागले.

आता सपोर्ट थांबल्यावर धोका वाढतो तो का? भोके तर आधीही होती. याचे उत्तर हल्लेखोरांच्या कामाच्या पद्धतीत आहे. दुरुस्ती निघाली की ते जुनी आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून कुठल्या सूचना बदलल्या ते पाहतात. जिथे बदल झाला तिथे भोक होते. विंडोज ७ आणि ८ मधला बराच भाग एक्सपीपासूनच चालत आलेला होता. मायक्रोसॉफ्टनेच २०१३ मध्ये दिलेला हिशेब असा: जुलै २०१२ ते जुलै २०१३ या काळात एक्सपीला लागू होणारी ४५ सुरक्षापत्रके निघाली, आणि त्यातली ३० विंडोज ७ व ८ यांनाही लागू होती. म्हणजे ८ एप्रिल २०१४ नंतर नव्या विंडोजची प्रत्येक दुरुस्ती ही एक्सपीत कुठे घुसायचे याची खूण ठरणार होती. शेजारणींची निगा राखली जाईल तसतशी एक्सपी आणखी उघडी पडत जाईल, असा हा विचित्र व्यवहार आहे.

घरचा संगणक बदलता येतो. अडचण होती ती ज्यांच्या पोटात एक्सपी आहे हे बाहेरून कळत नाही अशा यंत्रांची: इस्पितळातली स्कॅनिंगची यंत्रे, कारखान्यातली नियंत्रणे, दुकानातली बिलिंगची खोकी. असे यंत्र दहा-पंधरा वर्षे चालावे म्हणून घेतलेले असते. त्यातला संगणक बदलायचा तर यंत्राच्या कंपनीने नवा प्रोग्रॅम लिहून द्यायला हवा, आणि ती कंपनी म्हणते, नवे यंत्र घ्या. आपल्याकडच्या जुन्या डीटीपीवाल्यांचाही हाच पेच होता. डोंगलवर चालणारे जुने मराठी फाँट आणि पेजमेकरच्या फाइली नव्या विंडोजवर उघडतील याची खात्री नसल्याने कोपऱ्यातला एक संगणक एक्सपीवर तसाच ठेवला जाई. त्याचे इंटरनेट काढून टाकणे हा अगदी शहाणपणाचा मार्ग होता.

एटीएमचे तसे करता येत नाही. एटीएमच्या खालच्या भागात जाड पोलादाची तिजोरी असते आणि वरच्या भागात, साध्या कुलपामागे, बहुधा एक सामान्य पीसी असतो. नोटा मोजून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रणेला तोच हुकूम देतो. पूर्वी या पीसीवर आयबीएमची ओएस/२ असे. तिचा सपोर्ट २००६ च्या अखेरीस संपला, तेव्हा बँकांनी मोठ्या खर्चाने एक्सपी टाकली. आठ वर्षांत त्यांच्यावर पुन्हा तीच पाळी आली, आणि साहजिकच त्यांनी या वेळी चालढकल केली.

या चालढकलीचा फायदा घेणारे तयारच होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 'ट्युपकिन' नावाच्या प्रोग्रॅमची माहिती उघड केली. तो मुख्यतः पूर्व युरोपातल्या, ३२-बिट विंडोजवर चालणाऱ्या एटीएममध्ये सापडला होता. चोर वरचा डबा उघडून सीडीवरून हा प्रोग्रॅम आत टाकत आणि निघून जात. मग तो गप्प बसे. फक्त रविवार आणि सोमवारच्या रात्री तो हुकूम ऐके. पैसे घ्यायला आलेल्या माणसाने ठरावीक आकडे दाबले की पडद्यावर एक नवाच आकडा येई. त्याने तो फोनवरून टोळीतल्या दुसऱ्याला सांगायचा आणि उत्तरादाखल मिळालेली किल्ली टाइप करायची. आपल्याच माणसाने परस्पर हात मारू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त. किल्ली जुळली की कुठल्या खणात किती नोटा आहेत ते पडद्यावर दिसे आणि एका वेळी चाळीस नोटा बाहेर येत. ना कार्ड, ना कुणाचे खाते. तिजोरीला धक्काही न लावता तिजोरी रिकामी होई.

भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना याबद्दल सावध केले होते. काम हलत नाही असे दिसल्यावर २१ जून २०१८ रोजी मुंबईहून तारखांसह आदेश निघाला. ऑगस्टपर्यंत बायोसला पासवर्ड, यूएसबीची भोके बंद, ऑटोरन बंद. आणि सपोर्ट असलेली ऑपरेटिंग सिस्टिम सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएममध्ये. एक्सपी सोडून दिल्याला तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती. त्या नोव्हेंबरात एटीएम चालवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने उलट इशारा दिला, की अशा नव्या अटींचा खर्च पेलवणार नाही आणि देशातल्या सुमारे २ लाख ३८ हजार एटीएमपैकी १ लाख १३ हजार बंद करावी लागतील. तितकी काही बंद झाली नाहीत. पण अशा कामाचे बिल कुणीच आनंदाने भरत नाही, एवढे त्यातून दिसले.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी वेळच विकत घेतला. जाहीर सपोर्ट संपला तरी मायक्रोसॉफ्टचे अभियंते एक्सपीच्या दुरुस्त्या करतच होते. त्या फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळत. ब्रिटन सरकारने एका वर्षासाठी ५५ लाख पौंड मोजले. अमेरिकी नौदलाने २०१५ मध्ये ९१ लाख डॉलरचा करार केला, कारण एक्सपी आणि तिच्या पिढीचे इतर प्रोग्रॅम तिथे सुमारे एक लाख संगणकांवर होते. तमिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना सी-डॅकच्या बॉस लिनक्सकडे वळायला सांगितले. जर्मनीतल्या म्युनिक शहराने नागरिकांना फुकट लिनक्सच्या सीड्या वाटल्या.

आणि फुकट्यांसाठीही एक खिडकी उघडी राहिलीच. दुकानांतल्या बिलिंगच्या यंत्रांसाठी असलेल्या 'पीओएसरेडी २००९' या एक्सपीच्याच भावंडाला एप्रिल २०१९ पर्यंत सपोर्ट होता. मे २०१४ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आले, की रजिस्ट्रीत एक छोटी नोंद केली की साधी एक्सपीही आपण बिलिंगचे यंत्र असल्याचे सांगते आणि दुरुस्त्या आपोआप येऊ लागतात. मायक्रोसॉफ्टने असे करू नका म्हणून बजावले. पण ही पळवाट चालतच राहिली.

खुद्द मायक्रोसॉफ्टचा निर्धार तीन आठवडे टिकला. एप्रिलच्या अखेरीस इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक गंभीर भोक सापडले आणि १ मे २०१४ रोजी निघालेली दुरुस्ती एक्सपीलाही देण्यात आली. मोठा प्रसंग मात्र १२ मे २०१७ चा. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्या दिवशी जगभर धुमाकूळ घातला. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने शोधून आपल्याजवळ ठेवलेले आणि नंतर चोरीला गेलेले हत्यार त्यात वापरले होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ संस्थांना त्याची झळ बसली, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या गेल्या. दोष ताबडतोब एक्सपीवर आला. मायक्रोसॉफ्टनेही लगोलग, तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या एक्सपीसाठी दुरुस्ती खुली केली. त्या फाइलीवरची डिजिटल सही फेब्रुवारीतली होती. म्हणजे हल्ल्याच्या तीन महिने आधी दुरुस्ती तयार होऊन पैसे भरणाऱ्यांच्या कपाटात पडून होती.

पुढच्या तपासात चित्र उलटे निघाले. लागण झालेल्या संगणकांत एक्सपी नगण्य होती. बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची, म्हणजे सपोर्ट चालू असलेली, पण मार्चमध्ये आलेली दुरुस्ती न टाकलेली होती. एक्सपीवर हे हत्यार चालवून पाहिले तेव्हा बहुतेक वेळा संगणक निळा पडदा दाखवून कोसळे आणि किड्याला आत शिरायला सवडच मिळत नसे. म्हातारीच्या अशक्तपणानेच तिला वाचवले म्हणा ना! कंपनीने दुरुस्ती करून पाठवणे आणि ती यंत्रावर प्रत्यक्ष बसणे यांत केवढे अंतर असते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल. त्याच हत्याराचा वापर करणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या प्रोग्रॅमने पुढच्याच महिन्यात मेर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि तिच्या गटातले न्हावा-शेवा बंदरातले कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले.

१४ मे २०१९ रोजी पुन्हा तेच. दूरवरून संगणक चालवण्याच्या सोयीत ब्लूकीप नावाचे भोक सापडले, ते किड्यासारखे पसरू शकेल असे होते, आणि मायक्रोसॉफ्टने पाच वर्षे जुन्या 'शेवटा'नंतर एक्सपीला आणखी एक दुरुस्ती दिली. सप्टेंबर २०२० मध्ये तर एक्सपीचा मूळ सोर्स कोडच इंटरनेटवर फुटला आणि हौशी मंडळींनी त्यातला बराच भाग पुन्हा जुळवून चालवून दाखवला.

आता पाळी विंडोज १० ची आली. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या वेळी अडचण जास्त बोचरी आहे, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचा धडधाकट संगणकही त्यात बसत नाही. एक्सपीच्या काळी फक्त सरकारांना आणि बड्या कंपन्यांना मिळणारी मुदतवाढ मात्र या खेपेला घरच्या ग्राहकालाही मिळते: ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ३० डॉलरला, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर आपल्या सेटिंग्जचा बॅकअप ठेवायची तयारी असेल तर फुकट. संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. तेवढ्या पैशांत कचेरीपुरता नवा संगणक येतो, आणि दर ठरवणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसेल असे मानायला काही आधार दिसत नाही.